दोन महिने, एक विद्यार्थी आणि न्यूरोसर्जरी: ट्युमर-एआय राहू दे, रेफर चिठ्ठी हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहात, पुढे न्यूरोसर्जरीच करायची असं ठरवलंय आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएससाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी, प्रपोजल लिहायला बसलाय. डोक्यात विषय आहे ‘मेंदूच्या ट्युमरच्या एमआरआयवर एआय’. गाईड म्हणतात, जमण्यासारखं काहीतरी आण. सीनियर म्हणतात, दोन केस रिपोर्ट टाकायचे आणि मोकळं व्हायचं. शिवाय इंटर्नशिपच्या आधी नावावर दोन पेपर नसतील तर न्यूरोसर्जरीची सीट मिळणार नाही, ही भीती.

आधी भीतीचं बघू. आपल्याकडे एमएसची सीट नीट-पीजीच्या आणि एमसीएचची (एमएसच्या पुढची न्यूरोसर्जरीची पदवी) सीट नीट-एसएसच्या रँकवर मिळते. एमएसनंतर एमसीएच ३ वर्षांचं. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा मार्ग आहे, पण त्यालाही प्रवेश परीक्षाच. छापील पेपरला यात गुण नाहीत. अमेरिकेत रेसिडेन्सीला जायचं असेल तर पेपर बघतात, तो हिशेब वेगळा. इथेच राहायचं असेल तर या दोन महिन्यांतून तुम्हाला मिळणार ते एवढंच: बेशुद्ध पेशंटचा जीसीएस (शुद्ध किती आहे ते मोजणारं ग्लासगो कोमा स्केल) स्वतः काढता येणं, डोक्याचा सीटी स्वतः मोजता येणं, आणि केसपेपरात काय लिहिलेलं नसतं ते कळणं. माझ्या मते एमसीएचच्या पहिल्या वर्षाला हेच सगळ्यात जास्त कामी येतं.

तेव्हा प्रश्न जरा फिरवून विचारू: एका विद्यार्थ्याला, दोन महिन्यांत, स्वतःच्या हाताने नीट मोजता येईल असं न्यूरोसर्जरीत काय आहे? उत्तर बरंचसं तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहे. न्यूरोसर्जन पूर्णवेळ आहेत की आठवड्यातून दोनदा येतात, सीटी आवारात आहे की पेशंट बाहेर पाठवतात, एमआरडीत (रेकॉर्ड विभागात) जुने इंडोअर पेपर शोधून मिळतात की गठ्ठ्यात बांधलेले आहेत, एथिक्स कमिटी दर महिन्याला बसते की तिमाहीला. या चार गोष्टी आधी विचारून या. खाली मी गृहीत धरलंय की सीटी आवारात आहे आणि अपघाताचे पेशंट रोज येतात.

ट्युमर-एआय का नको ते एकदाच सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका युनिटला दोन महिन्यांत ट्युमर किती येणार, आणि त्यातही एका जातीचे किती? बायोप्सीचा रिपोर्ट उशिरा येतो. रेडिओथेरपीला पेशंट पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला जातो आणि तिथून परत तुमच्या वहीत येत नाही. जुनं रेकॉर्ड वापरू म्हणाल, तर २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानं प्रौढांमधला ग्लायोब्लास्टोमा (जीबीएम, मेंदूचा एक घातक ट्युमर) म्हणजे आयडीएच-वाइल्डटाइपच, म्हणजे आयडीएच जनुकात बदल नसलेलाच, असं ठरवलंय. ज्या जुन्या रिपोर्टात नुसतं ‘जीबीएम’ लिहिलंय आणि आयडीएच तपासलेलंच नाही, तो आजच्या व्याख्येत बसवता येत नाही. उत्तरपत्रिकाच कच्ची असेल तर कॉम्प्युटरला शिकवणार काय?

दुसरा मोह असतो क्रॉनिक सबड्यूरलचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेल्या जुन्या रक्ताचा. पेशंट भरपूर, वय झालेले, कवटीला दोन भोकं (बर्र होल), रक्त निघून जायला नळी (ड्रेन), पेशंट चालत घरी. ‘पुन्हा रक्त साचण्याचं प्रमाण आणि कारणं’ असा विषय सुचतो. आता आकडे मांडा. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सँटेरियस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ड्रेन ठेवला तर पुन्हा साचण्याचं प्रमाण ९.३ टक्के, न ठेवता २४ टक्के. समजा तुमच्या युनिटला महिन्याला चार पेशंट येतात आणि सगळ्यांना ड्रेन ठेवतात. दोन महिन्यांत आठ पेशंट. त्यांतला एखादा पुन्हा येईल किंवा कोणीच येणार नाही, आणि आलाच तरी तुमचे दोन महिने संपल्यावर येईल.

मग तीन वर्षांचं जुनं रेकॉर्ड काढलं तर? पीएसएमला (कम्युनिटी मेडिसिन) शिकलेलं सूत्र आठवा: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालवून घेण्याजोगी चूक. पी १० टक्के, चूक ५ टक्के धरली तर १४४ पेशंट लागतात. महिन्याला चार याप्रमाणे तीन वर्षांत बरोबर १४४ होतात, म्हणजे प्रमाण सांगता येईल. पण यातले पुन्हा साचलेले साधारण १४. एका कारणासाठी निदान दहा घटना हव्यात, हा ढोबळ नियम लावला तर १४ घटनांवर एकच कारण तपासता येतं. वय, ॲस्पिरिन, डायबेटिस, दोन्ही बाजूंचं रक्त, हवा राहणं, अशी आठ कारणं एकदम रिग्रेशनमध्ये (अनेक कारणं एकत्र तपासायची सांख्यिकी पद्धत) घातली की आकडे छान दिसतात आणि खोटे असतात.

याच सूत्रात आणखी एक फसगत होते. एल ‘५ टक्के’ म्हणजे थेट ५, म्हणजे ५ ते १५ च्या मध्ये उत्तर. काही जण एल हा पी-च्या २० टक्के धरतात. मग एल होतो २ आणि पेशंट लागतात ९००. दोन्ही बरोबर आहेत, पण प्रपोजलमध्ये कुठला धरला ते लिहायला हवं. ‘सॅम्पल साइज ६०, सोयीनुसार’ असं लिहिलेलं प्रपोजल मी तरी तिथेच मिटवतो.

औषधांची तुलना विद्यार्थ्याने घेऊच नये, त्याचंही कारण आकड्यांतच आहे. डोक्याच्या मारात स्टिरॉइड वर्षानुवर्षं दिलं जात होतं. क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ पेशंट घेतले तेव्हा कळलं की दोन आठवड्यांतले मृत्यू स्टिरॉइडने २१.१ टक्के आणि त्याशिवाय १७.९ टक्के, म्हणजे औषधाने नुकसानच. तीन टक्क्यांचा हा फरक तुमच्या साठ पेशंटांत कधीच दिसला नसता. उलट नशिबाने उलटाही दिसला असता, आणि तुम्ही तो छापलाही असता.

मग उरतं काय? डोक्याचा मार, आणि त्यातही पेशंट कॅज्युअल्टीत पोचेपर्यंतचा आणि पोचल्यावरच्या पहिल्या काही तासांचा भाग. इथे संख्या मिळते आणि मोजायच्या गोष्टी पेशंट समोर असतानाच घडतात. शिवाय हे आपल्या भागाचं खरंखुरं दुखणं आहे. सातारा-कराडकडून येणारा पुणे-बंगळुरू महामार्ग, गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, जत-आटपाडीकडून आधी ग्रामीण रुग्णालय, मग तालुक्याचा खासगी दवाखाना, मग सांगली-मिरज, असा पेशंटचा प्रवास. माझी सूचना अशी: ‘डोक्याला मार लागून रेफर होऊन आलेल्या प्रौढ पेशंटांत रेफर चिठ्ठीवर काय नोंदलेलं असतं, आणि अपघातापासून पहिल्या सीटीपर्यंत किती वेळ जातो’. विषय दिसायला साधा आहे, पण दोन महिन्यांत पुरा होतो, आणि निष्कर्ष आला तर तालुक्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीचा एक छापील नमुना तयार करता येतो. एक सावधगिरी: तुमचे दोन महिने पावसाळ्यात येत असतील तर उसाच्या ट्रॉल्या त्यात नसतील. निष्कर्ष लिहिताना ‘जिल्ह्यातले अपघात’ न म्हणता महिने लिहा.

आता एकेक मोजमाप, आणि ते कुठे बिघडतं.

जीसीएस. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेलं हे माप सगळ्यांना पाठ असतं आणि चुकतंही सगळ्यांचं. रेफर चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसती बेरीज असते: ‘जीसीएस ८’. यात ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हातपाय हलवणं. आठ म्हणजे ई२ व्ही२ एम४ असेल, किंवा ई१ व्ही२ एम५ असेल. पहिला दुखवल्यावर हात नुसता मागे घेतो, दुसरा दुखतंय तिथे हात नेतो. पुढे काय होणार याचा अंदाज सांगायला एमचा आकडा सगळ्यात उपयोगी, आणि बेरजेत तोच हरवतो. त्यामुळे तुमच्या फॉर्मवर ई, व्ही, एम असे तीन वेगळे रकाने हवेत, बेरजेचा रकाना नकोच. ती एक्सेल करेल. नळी घातलेल्या पेशंटला व्ही तपासता येत नाही, तिथे ‘टी’ लिहायचं. काही जण १ लिहितात, आणि पेशंट कागदावर एकदम गंभीर होतो. डोळे सुजून बंद असतील तर ई-चंही तेच. चिठ्ठीवर ‘सेमीकॉन्शस’, ‘ड्राउझी’, ‘इररिलेव्हंट’ असे शब्द असतील तर त्यांचं आकड्यात भाषांतर करू नका. ‘जीसीएस नोंदलेला नाही’ असं लिहा. तोच तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

आणि कुठल्या वेळचा जीसीएस? अपघातानंतरचा, पहिल्या दवाखान्यातला, की तुमच्या कॅज्युअल्टीतला? मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देऊन पाठवलेला पेशंट ७ वर येतो आणि तीन तासांनी १३ वर जातो. एकच व्याख्या आधी ठरवा, उदाहरणार्थ ‘आमच्या कॅज्युअल्टीत श्वास आणि बीपी स्थिर केल्यावर, नवीन गुंगीचं औषध देण्याआधीचा’. प्रवासात गुंगीचं औषध दिलंय का, हा वेगळा हो-नाहीचा रकाना. बुबुळांचाही रकाना ठेवा: दोन्ही उजेडाला आकसतात, एक, की एकही नाही. २०१८ पासून जीसीएसमधून हा आकडा वजा करून जीसीएस-पी काढतात. एक बुबुळ आकसत नसेल तर १ वजा, दोन्ही नसतील तर २. फुकटात मिळणारी माहिती आहे, आणि चिठ्ठ्यांवर अनेकदा नेमकी हीच नसते.

हे सगळं केसपेपरातून उतरवून घेण्यापेक्षा तुम्ही स्वतः बघितलेलं बरं, पण त्याआधी रेसिडेंटबरोबर निदान वीस पेशंट एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता तपासा. तुमचे आकडे किती जुळतात ते कॅप्पा या सांख्यिकी मापाने काढा आणि पेपरात छापा. ज्यांनी स्वतःचं मोजमाप तपासलंय त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो.

वेळ. अपघाताची वेळ कोणालाच मिनिटांत माहीत नसते. ‘जेवण करून निघालो होतो’, ‘एसटी सुटायच्या सुमारास’ अशी उत्तरं येतात. अर्ध्या तासाच्या गटात नोंदवा आणि माहिती कोणी दिली तेही लिहा: स्वतः बघणारा, की फोनवर ऐकलेला. १०८ ने आणलं असेल तर त्यांच्या कागदावरची वेळ जास्त भरवशाची. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात ‘८.१०’ लिहिलेलं असतं, सकाळ की रात्र ते नसतं. तुमच्या फॉर्मवर चोवीस तासांचं घड्याळ वापरा. सीटीची वेळ फिल्मवर छापून येते, पण मशीनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतंच असं नाही. पहिल्या दिवशी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून फरक लिहून घ्या, नाहीतर शेवटी काही पेशंटांचा सीटी ते दवाखान्यात येण्याआधीच झालेला निघेल. काहींचा खरंच बाहेर आधी झालेला असतो. त्यांचा रकाना वेगळा. आणि सरासरी देऊ नका. एखादा पेशंट चार दिवसांनी येतो आणि सरासरी ओढून नेतो. मध्यक आणि चतुर्थकं द्या.

हेल्मेट आणि दारू हे दोन प्रश्न सगळ्यांना विचारावेसे वाटतात. हरकत नाही, पण उत्तराकडे संशयाने बघा. केस एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी मेडिको-लीगल केस) असते, विम्याचा दावा पुढे उभा असतो, आणि नातेवाईक तुम्हाला पोलिसांपेक्षा फार वेगळं समजत नाहीत. ‘हेल्मेट होतं’ याचा अर्थ घरात होतं, गाडीला अडकवलेलं होतं, की पट्टा लावून डोक्यावर होतं? असे तीन पर्याय द्या. दारूबाबत रक्ततपासणी नसेल तर हा रकाना अभ्यासातून काढून टाकलेला बरा. अर्धवट माहितीवर ‘४० टक्के दारू प्यायलेले’ असं छापलं की त्याच वाक्याच्या बातम्या होतात.

सीटी. हा भाग तुम्हाला आवडेल, आणि खरं शिक्षण इथे होतं. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर कधीही मोजू नका; तिरका धरला की मिलिमीटर बदलतात. डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) घ्या, नाव पुसून अभ्यास क्रमांक द्या, आणि व्ह्यूअरमध्ये मोजा. मेंदूची मधली रेषा सरकण्याचं मोजमाप फोरामेन ऑफ मोन्रोच्या (मेंदूतल्या पोकळ्या जोडणारं छिद्र) पातळीवर घ्यायचं: पुढे आणि मागे फाल्क्स (मेंदूच्या दोन अर्धांमधला पडदा) जिथे कवटीला चिकटतो ते बिंदू जोडून रेषा काढायची आणि त्या रेषेपासून सेप्टम पेल्युसिडमपर्यंत (दोन पोकळ्यांमधली पातळ भिंत) काटकोनात अंतर मोजायचं. वरच्या किंवा खालच्या पातळीवर मोजलं की ७ चे ४ होतात. अक्यूट सबड्यूरलमध्ये (आवरणाखालचं ताजं रक्त) रक्ताची जाडी १० मिमीपेक्षा जास्त किंवा रेषा ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेली असेल तर ऑपरेशन सुचवलं जातं. म्हणून ५ च्या अलीकडे-पलीकडे असलेले स्कॅन दोघांनी वेगवेगळे मोजावेत.

रक्ताचं आकारमान एबीसी भागिले दोन या सूत्राने काढतात: सर्वात मोठ्या कापातली लांबी, तिला काटकोनात रुंदी, आणि उंची. चूक उंचीत होते. ज्या कापात रक्ताचं क्षेत्रफळ सर्वात मोठ्या कापाच्या ७५ टक्क्यांहून जास्त असेल तो पूर्ण मोजायचा, २५ ते ७५ टक्के असेल तो अर्धा, त्याहून कमी असेल तो सोडायचा. उदाहरण घ्या. एक्स्ट्राड्यूरल (कवटी आणि आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त), लांबी ५ सेमी, रुंदी ३ सेमी, काप ५ मिमीचे, रक्त दिसतं ११ कापांत. त्यांतले ५ पूर्ण, ४ अर्धे, २ सोडलेले. म्हणजे ७ काप, उंची ३.५ सेमी. ५ गुणिले ३ गुणिले ३.५ भागिले २, उत्तर सुमारे २६ मिली. सगळे ११ काप मोजले असते तर उंची ५.५ आणि आकारमान ४१ मिली. एक्स्ट्राड्यूरल ३० मिलीच्या वर असेल तर जीसीएस कितीही असो, काढायचा, असा संकेत आहे. एकाच पेशंटचं एकाच सीटीवरचं रक्त मोजणाऱ्याप्रमाणे ३० च्या अलीकडे किंवा पलीकडे जातं. आणखी एक: काही मशीनवर कवटीच्या तळाशी पातळ काप आणि वर जाड काप घेतलेले असतात. जाडी बदलली की नुसते काप मोजून चालत नाही.

इथवर जे सांगितलं ते दोन महिन्यांत बसतं. पुढचा भाग, म्हणजे पेशंटचं अखेर काय झालं, तो घ्यायचा की नाही हे गाईडशी बोलून ठरवा. मी विद्यार्थ्याला सहसा सांगतो की डिस्चार्जपर्यंतचं घ्या आणि सहा महिन्यांचा फोन ही वेगळी, नंतरची पायरी ठेवा. पण डिस्चार्जपर्यंतचं घेतानाही एक मोठा खड्डा आहे: डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेणं.

गंभीर पेशंटचे नातेवाईक आठ-दहा दिवसांनी ‘आता घरी नेतो’ म्हणतात. पैसे संपलेले असतात, किंवा शेवट घरी व्हावा अशी इच्छा असते. केसपेपरावर ‘डामा’ लिहिलं जातं आणि मृत्यूच्या रजिस्टरात तो पेशंट येत नाही. समजा १०० गंभीर पेशंट, त्यांतले ३० वॉर्डात दगावले आणि २० डामा. डामा जिवंत धरले तर मृत्यू ३० टक्के. अभ्यासातून वगळले तर ८० पैकी ३०, म्हणजे ३७.५ टक्के. सगळे घरी गेल्यावर दगावले असं धरलं तर ५० टक्के. पेपरात तिन्ही द्या, किंवा फोन करून खरं काय ते शोधा. नुसते ‘३० टक्के’ छापणं म्हणजे घरी नेलेल्या वीस जणांबद्दल आपल्याला काही ठाऊक नसताना ते बरे झाले असं सांगणं. तसंच ‘ब्रॉट डेड’ आलेले आणि वाटेतच गेलेले तुमच्या आकड्यांत नाहीत, हेही एका वाक्यात लिहा.

फोन करायचाच ठरला तर ग्लासगो आउटकम स्केलचा (पेशंट पुढे कितपत सावरला ते मोजणारं माप) विस्तारित, आठ पायऱ्यांचा प्रकार वापरा. त्याच्या ठरलेल्या प्रश्नांमुळे तो फोनवर घेता येतो. पण प्रश्न आपल्या घरांत बसवून विचारावे लागतात. ‘स्वतःचं खाणं स्वतः करतात का’ असं विचारलं तर वाळव्यातले पासष्ट वर्षांचे आजोबा अपघाताआधीही करत नव्हते. स्केलला क्षमता हवी आहे, सवय नको. ‘घरात कोणी नसेल तर दिवसभर एकटे राहून निभावतील का?’, ‘बाजारात एकटे जाऊन, हिशेब करून परत येतील का?’, ‘आधी शेतात जेवढं काम व्हायचं तेवढं होतं का?’ असं विचारा. आणि प्रत्येक उत्तराला ‘अपघाताआधी कसं होतं?’ हा जोडप्रश्न लावा.

नंबर दोन घ्या, कॅज्युअल्टीतच, आणि लगेच मिस्ड कॉल देऊन बघा. केसपेपरावरचा नंबर पुष्कळदा गाडीने आणून सोडणाऱ्याचा किंवा गावातल्या पुढाऱ्याचा असतो. ऊसतोड कामगार असेल तर हंगाम संपला की टोळी गावी परत जाते; तेव्हा गावाकडच्या घरच्यांचा नंबर हवा. मुकादमाचा नंबर मिळतो, पण त्याला फक्त ‘निरोप द्या’ एवढंच सांगायचं, आजाराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पुढच्या हंगामाची उचल त्याच्या हातात असते. फोन संध्याकाळी सातनंतर करा. पाचातला एक जरी हाती लागला नाही, तर न सापडलेले पेशंट सापडलेल्यांपेक्षा वयाने, जीसीएसने वेगळे होते का, याचा तक्ता द्या.

संमती. पेशंट बेशुद्ध असताना संमती कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे बहुधा नवरा, बायको, आई-वडील किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांची. पेशंट शुद्धीवर आला की त्याला पुन्हा विचारायचं. तो नाही म्हणाला तर त्याची माहिती वापरायची नाही. आल्या आल्या पहिल्या अर्ध्या तासात फॉर्म पुढे करू नका. त्या वेळी दिलेली सही ही संमती नसते, ‘सही केली नाही तर उपचार होणार नाहीत’ ही भीती असते. नेहमीच्या उपचारात जे नोंदलं जातं ते नोंदू द्या, आणि संमती दुसऱ्या दिवशी, बसून घ्या. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. युनिटमधले मामा किंवा मावशी (वॉर्डबॉय, आया) चालत नाहीत. फॉर्म मराठीत हवा तसा कन्नडमध्येही हवा. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून सीमेपलीकडचे पेशंट इथे येत आलेत, आणि जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नडच बोलतात. भाषांतर एकाने करायचं, दुसऱ्याने ते परत मराठीत आणायचं आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचं.

एथिक्स कमिटीची मंजुरी जुन्या रेकॉर्डच्या अभ्यासालाही लागते. ओळख पुसलेली जुनी माहिती असेल तर संमतीतून सूट मागता येते, पण ती सूट कमिटीने लेखी द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून संमतीचं प्रकरण तरी वाचा. मंजुरीच्या तारखेआधी एकही फॉर्म भरू नका. तारखा जुळल्या नाहीत तर पुढे जर्नल पेपर परत पाठवतं. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी उपचारांच्या चाचण्यांना सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. तुमच्यासारख्या नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाला ती सक्ती नाही, तरी कमिटीने मागितली तर करून टाका.

मास्टर चार्टबद्दल, म्हणजे सगळ्या माहितीच्या एक्सेल तक्त्याबद्दल, थोडक्यात. एक पेशंट, एक ओळ. रंग भरणं, रकाने एकत्र करणं बंद. नाव आणि आयपीडी नंबर वेगळ्या फाइलमध्ये, गाईडच्या कपाटात. तुमच्याकडे फक्त अभ्यास क्रमांक. माहिती नसेल तिथे शून्य लिहू नका, रकाना रिकामा ठेवा; शून्य हे उत्तर असू शकतं. एक्सेल ०३/०४ हे ३ एप्रिल समजेल की ४ मार्च, ते सेटिंगवर अवलंबून, म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. आकडेमोडीला जमोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरतं. पीएसएमच्या सरांना मात्र डेटा गोळा करण्याआधी भेटा. नंतर गेलात तर ते फक्त काय चुकलं ते सांगू शकतात.

केस रिपोर्टबद्दल सीनियरचं अगदीच चूक नाही. लिहायची सवय लागते. पण त्यालाही पेशंटची लेखी संमती लागते, आणि सीटीवरचं नाव पुसलेलं असावं लागतं. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेला फोटो चालत नाही. ‘सात दिवसांत छापू, अमुक हजार भरा’ असे मेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. लेखकांच्या यादीत ज्यांनी काम केलं, मजकूर वाचला आणि जबाबदारी घेतली तेच. हे बोलणं अवघड असतं, म्हणून प्रपोजलच्या वेळीच नावांचा क्रम कागदावर ठरवून घ्या.

आता लगेच करण्याचं काम. प्रपोजल लिहिण्याआधी गाईडची आणि एमआरडीची परवानगी घेऊन, मागच्या महिन्यातले डोक्याच्या माराचे दहा केसपेपर तिथेच बसून वाचा. नावं उतरवायची नाहीत, माहिती बाहेर न्यायची नाही, आणि हे दहा पेशंट पुढे अभ्यासात घ्यायचे नाहीत. बघायचं एवढंच की तुमच्या फॉर्मवरचा कुठला रकाना किती पेपरांत भरता येतो. रेफर चिठ्ठी जोडलेली आहे का, तिच्यावर वेळ आहे का, ई-व्ही-एम सुटे आहेत का, बुबुळं लिहिलीत का. जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालेल्या पेशंटांचे कागद जास्त भरलेले दिसतील, कारण मंजुरीला ते लागतात. तेवढेच घेतले तर ऑपरेशन न झालेले सगळे सुटतील, तेव्हा दोन्ही प्रकारचे घ्या. दहापैकी चार पेपरांत जो रकाना रिकामा निघेल, तो एकतर तुम्ही स्वतः कॅज्युअल्टीत उभं राहून भरायचा, नाहीतर फॉर्मवरून खोडायचा. उरलेला फॉर्म एका पानावर बसला पाहिजे. ते पान घेऊन गाईडकडे जा.